सेकंडहँड ॲनालॉग फिल्टर इंटरफेसला जोडला, आवाज बारीक आणि मागे घूंऽऽ, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की लो-पास फिल्टरचा (खालचे सूर जाऊ देऊन वरचे कापणारा) डबा घेतलाय, लॅपटॉपवरच्या ट्रॅकला लावायचाय, पण आवाज बारीक येतो आणि मागे सतत घूंऽऽ चालू. डबा बहुतेक ठीकच असणार, हा लेव्हल आणि वायरींचा घोळ असतो, माझं पण सुरुवातीला असंच डोकं फिरलं होतं.

पण आधी अडॅप्टर बघा प्लीज. गिटारच्या बहुतेक ९ व्होल्टच्या पेडलना पिनचा मधला भाग मायनस लागतो आणि मूग कंपनीच्या मूगरफूगर डब्यांना मधला प्लस, आणि पिन मात्र दोन्हीकडे मस्त बसते. मी घरात पडलेला अडॅप्टर लावला, आतला डायोड गेला, मग पुण्यात पासोड्या विठोबापाशी दुकानं पालथी घालून नवीन आणला. डायोड अगदी स्वस्त असतो हो, पण तोच उडालाय हे शोधण्यात दोन रविवार गेले. डब्यावरचं चित्र बघा आणि मगच लावा.

केबल मोनो, दुकानात पी-३८ म्हणून मागा. इंटरफेसचा (लॅपटॉपला जोडलेल्या साउंडच्या डब्याचा) आऊट ३ फिल्टरच्या इनमध्ये, फिल्टरचा आऊट इंटरफेसच्या लाइन इनमध्ये, बस. दोनच आऊट असतील तर १ ऐकायला ठेवा आणि २ फिल्टरला द्या. फक्त परत आलेला ट्रॅक चुकूनही त्याच आऊटवर पाठवू नका, आवाज गोल फिरत वाढत जातो आणि कान फाटतात.

आता लेव्हल. प्रो लाइन म्हणजे +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट, आणि घरगुती उपकरणांची -१० डीबीव्ही म्हणजे ०.३२ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ४ पट फरक. पेडलसारखा डबा असेल तर त्याला फुल लाइन दिली की तो फाटतो, म्हणून सेंड (फिल्टरकडे जाणारा आवाज) १२ डीबीने खाली घ्या आणि परत येताना इनपुटचा गेन वाढवा. तुमचा आवाज बारीक येतोय तो मला वाटतं इथेच, किंवा कटऑफ (कुठल्या सुराच्या वरचं कापायचं ते ठरवणारा नॉब) बंद राहिलाय (हसू नका, माझं झालंय).

घूंऽऽ ची टेस्ट सोपी आहे, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूंऽऽ गेली तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांची अर्थिंग वायरींतून एकमेकांना जोडली जाऊन येणारी घूंऽऽ), मग मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर टाका. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, २३० व्होल्ट आहे ते.

हे सगळं झालं की कटऑफ पूर्ण उघडा, रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज फुगवणारा नॉब) शून्य, एन्व्हलप (आवाजाच्या जोरानुसार कटऑफ हलवणारा) शून्य, मिक्स पूर्ण फिल्टरकडे, आणि डबा मधे असताना आणि नसताना आवाज सारखाच येतोय का ते बघा, तोवर बाकीच्या नॉबना हात लावू नका, नाहीतर चूक कुठली आणि इफेक्ट कुठला तेच कळत नाही. मग हळूहळू कटऑफ खाली. ४-पोल फिल्टरवर उतार ऑक्टेव्हला २४ डीबी, म्हणजे कटऑफ २०० हर्ट्झला असेल तर ८०० पर्यंत जवळपास काही उरतच नाही. रेझोनन्स वाढवला की लॅडर (मूग पद्धतीच्या) फिल्टरमध्ये खालचा बेस पातळ होतो, आणि टोकाला नेला तर फिल्टर स्वतःच शिट्टी मारतो, तेव्हा हेडफोन आधी कमी करा.

खरी मजा एन्व्हलपची. मी नदीपात्रातल्या पथकाच्या सरावाचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग टाकलं होतं, कटऑफ खाली आणि एन्व्हलप अर्ध्यावर ठेवला तर ढोलाच्या प्रत्येक टिपरूला फिल्टर तोंड उघडून मिटत होता. ताशावर मात्र नुसता गोंधळ होतो, ठोके इतके जवळ असतात की फिल्टरला मिटायला वेळच मिळत नाही.

रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातला रीइन्सर्ट (ReaInsert) प्लगइन लावा, त्यातलं पिंग दाबलं की उशीर मोजून भरून काढतं. आणि पसंत पडलं की लगेच रिअल टाइममध्ये रेकॉर्ड करून नॉबचा फोटो काढून ठेवा, कारण हा डबा काही सेव्ह करत नाही.