उलटे मोजे

सांगली,
रविवार, रात्री

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं. नव्या कोचनं नियम काढलाय, ट्रेनिंगचं किट ज्याचं त्यानं धुवायचं, आणि तू विचारतोस, "काका, करारावर सही काय बादली घेऊन बसायला केली?" अकरा हंगाम मी एका फुटबॉल क्लबात किटमॅन होतो, म्हणजे दुसऱ्यांचे घामट कपडे धुऊन पोट भरलं. तेव्हा या विषयावर माझं मत असणारच. ते तुझ्या कोचशी पुरतं जुळत नाही, तुझ्याशीही नाही.

आधी तुझ्या बाजूचं. आमच्याकडे २६ खेळाडू होते. शर्ट, चड्डी, मोजे, आतलं बनियन, टॉवेल असे माणशी पाच नग, दिवसाला दोन सत्रं. म्हणजे २६० नग रोज. प्रत्येकाला आपल्या नंबराची जाळीची पिशवी; कपडे तिच्यात टाकायचे, पिशवी तशीच मशीनमध्ये जायची, वाळून त्याच नंबराच्या खुंटीला लागायची. हे काम एका ठिकाणी झालं की नीट होतं. २६ पोरांनी हॉस्टेलच्या २६ बादल्यांत केलं की निम्मे कपडे दुसऱ्या दिवशी दमट असतात, पावसाळ्यात तर सगळेच.

आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. अमेरिकेत त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलचा सेंट लुईस रॅम्स नावाचा संघ होता. २००३ च्या हंगामात तिथल्या ५८ पैकी ५ खेळाडूंना साध्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचे गळू झाले, एकूण आठ वेळा. कृत्रिम मैदानावर घसरून कातडी सोलली होती, तिथूनच जंतू शिरले. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली : एकच टॉवेल दोघं-तिघं वापरायचे. तुमचं मैदानही कृत्रिमच आहे. तेव्हा कोचला सांगायचं असेल तर एवढंच सांग, की टॉवेल तरी क्लबनं गरम पाण्यात धुऊन द्यावेत. रागानं नको, सराव संपल्यावर, एकटा असताना.

आता तो म्हणतो ती नम्रता. त्याच्या डोक्यात जपानी असणार. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीला २-१ हरवून त्यांनी ड्रेसिंग रूम लख्ख केली, कागदाचे क्रौंच पक्षी घडी करून ठेवले, आभाराची चिठ्ठी ठेवली. फोटो सगळ्या जगानं पाहिला. छान गोष्ट आहे, पण ती खोली आवरण्याची आहे, धुण्याची नाही. इंग्लंडमध्ये मागच्या पिढीपर्यंत शिकाऊ पोरं सीनियर खेळाडूंचे बूट घासायची, तेही लोक नम्रतेचा धडा म्हणूनच सांगतात. मला विचारशील तर कपडे धुऊन नम्रता येत असती, तर मी केवढा नम्र व्हायला हवा होतो. तुझ्या काकूला विचार.

आपल्याकडं हे जास्त सरळ होतं. हिंदकेसरी मारुती मान्यांचा हा जिल्हा, इथल्या तालमीत मीही दोन वर्षं काढली. हौद्यातली माती नव्या पोरानं उकरायची, ताक-हळद-तेल ओतून कालवायची. वस्तादाचे पाय चेपायचे. पण लंगोट? लंगोट ज्याचा त्यानं धुवायचा, मग तो गावचा नावाजलेला पैलवान का असेना. त्याला कोणी नम्रता म्हणत नव्हतं. अंगाला लागणारी वस्तू आपल्या हातात असावी, एवढंच.

माझं मत तिथून सुरू होतं. अंगातून काय गेलं ते कपड्यावर दिसतं, आणि ते धुणाऱ्याला दिसतं. आमच्यात एक मिडफिल्डर होता. सराव संपून त्याची काळी चड्डी वाळली की मांडीपाशी पांढऱ्या रेघा उमटायच्या, नकाशातल्या नदीसारख्या. मिठाच्या रेघा. बाकीच्यांच्या चड्डीवर जेमतेम पुसट डाग. मी फिजिओला दाखवलं. त्यानं त्याला सरावाआधी आणि नंतर वजन करायला लावलं, तेव्हा कळलं की तासाला दीड लिटरच्या वर घाम जातोय आणि हा पितोय दोन घोट. पुढं त्याचं पाणी-मीठ वेगळं बांधून दिलं. आता बघ, स्वतःची चड्डी तो स्वतः धूत असता तर त्याला हे माझ्याआधी कळलं असतं. तेवढ्यासाठी मी म्हणतो, वर्षभर धू. कोचसाठी नको धूस, ह्या रेघांसाठी धू. पुढं मोठ्या क्लबात गेलास आणि तिथं किटमॅन असला, की निमूट त्याच्या पिशवीत टाक आणि जाऊन झोप. दोन सत्रांच्या मध्ये खेळाडूनं झोपावं, बादलीपाशी बसू नये.

कसं धुवायचं तेही सांगतो, नाहीतर हॉस्टेलच्या पोरांचं ऐकून वाट लावशील. शर्ट उलटा करायचा, घाम आतून असतो आणि नंबर बाहेरून. गार पाणी. पावडर चमचाभर, जास्त नाही. तुमच्या हॉस्टेलला बोअरचं पाणी आहे, फेस येत नाही म्हणून पोरं मूठभर टाकतात आणि मग ती पावडर धाग्यात राहून अंग खाजतं. सुगंधी कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर बसला की पॉलिएस्टर घाम ओढायचं सोडतं आणि कपडा अंगाला चिकटतो. पिळायचा नाही, सावलीत टाकायचा. जीपीएसचं बनियन धुण्याआधी पाठीवरच्या खिशातलं, धावणं मोजणारं यंत्र काढ. मी एकदा विसरलो होतो. त्याआधी पहिल्याच हंगामात पांढऱ्या कपड्यांत एक लाल मोजा गेला आणि आठवडाभर आमचा संघ गुलाबी बनियनात धावला, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सराव झाल्यावर किट बॅगेत बंद करून ठेवू नकोस. पॉलिएस्टरमध्ये एकदा कुबट वास मुरला की सुतीसारखा सहज निघत नाही.

आणि ग्लोव्हज. तू गोलकीपर, ते तू कोणालाच द्यायचे नाहीस, किटमॅनलाही नाही. कोमट पाण्यात, हातात घालून, हात धुतल्यासारखे धुवायचे. तळव्याचं लॅटेक्स मशीनमध्ये सोलून निघतं, आणि आपल्याकडच्या उन्हात वाळवलं तर एका दुपारीत पापडासारखं कडक होऊन तडकतं. गेल्या मे महिन्यात शिवाजी स्टेडियमवर तू ग्लोव्हज कठड्यावर टाकून गप्पा मारत बसला होतास. मी काही बोललो नाही. तुझा बॉल सुटला तेव्हाही बोललो नाही.

पुढं किटमॅन मिळाला की एक लक्षात ठेव. मोजे सरळ करून टाकायचे. तू म्हणशील, एवढं काय त्यात. २६ जणांचे ५२ मोजे, दिवसात दोनदा, म्हणजे १०४. त्यातले निम्मे उलटे, गोळा झालेले, आत चिकटपट्टीचे तुकडे, आणि प्रत्येकात हात कोपरापर्यंत घालून तो ओला गोळा बाहेर ओढायचा. अकरा वर्षांत मोजे सरळ करून टाकणारे मला चार खेळाडू भेटले. त्यांच्या बुटांचे स्टड मी न सांगता घट्ट करून ठेवायचो.

आता जे तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस ते. "घरी असताना मी कधी धुतले नाहीत, आता का," असं तुझ्या मनात आहे. बरोबर, धुतले नाहीस. किट काय आपोआप वाळत घातलं जात होतं? तू पंधरा वर्षांचा असल्यापासून कृष्णाकाठचा काळा चिखल त्या शर्टातून कोणी काढला, ते मी पाहिलंय. तुमच्या मागच्या दगडावर, ब्रशनं, पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी. खेळाडूनं धुवायचं की किटमॅननं, हा वाद मोठ्या क्लबांचा आहे. आपल्याकडं खेळाडूनं नाही धुतलं की ते आईकडं जातं. दिवाळीत येशील तेव्हा बॅगेत न धुतलेलं काही आणू नकोस.

परवा ती मला मारुती चौकात भाजी घेताना भेटली. पहिला प्रश्न जेवणाचा, दुसरा हाच : तिथं त्याचं धुणं कोण करतं? मी म्हटलं, "तोच करतो की." ती जरा थांबली, मग म्हणाली, "खरं?" मी हो म्हणून बसलोय.

तुझा,
काका

ता. क. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव आणि सकाळी काढ. हीटरपाशी ठेवू नकोस, गोंद सुटतो.