स्पीड टेस्टमध्ये ९० च्या वर दिसतं, तरी व्हिडिओ कॉल का अडकतो? मोठा प्लॅन घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की घरातल्या दोघांचं काम घरून चालू आहे, दोन मुलांचे वर्ग ऑनलाइन आहेत, कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे आणि स्पीड टेस्टही चांगली येते. तरी मीटिंगमध्ये तुमचा आवाज रोबोटसारखा होतो आणि चेहरा गोठतो. प्लॅन इतक्यात वाढवू नका. तुमचा वेग पुरेसा आहे, त्रास उशिराचा आहे. हा उशीर बहुतेक वेळा एक तर अपलोडच्या रांगेत तयार होतो, नाही तर वायफायमध्ये. कुठे होतोय हे पंधरा मिनिटांत कळतं.

आधी गरज किती ते बघू. ७२० पिक्सेलच्या व्हिडिओ कॉलला साधारण १.२ ते २.६ एमबीपीएस लागतात, नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. म्हणजे चौघांचे कॉल एकदम चालू असले तरी डाउनलोडचा मोठा भाग रिकामाच असतो. पण प्लॅनवर ठळक छापलेला आकडा डाउनलोडचा असतो. अपलोड कितीचं आहे ते वेगळं तपासा. टीव्ही-केबलच्या आणि टेलिफोनच्या तारेवरच्या (डीएसएल) कनेक्शनवर ते बरेचदा डाउनलोडच्या दहाव्या हिश्शाइतकंच असतं. कोरोना महामारीआधी घरातलं इंटरनेट मुख्यतः बघण्यासाठी वापरलं जायचं, म्हणून हे कुणाला खुपत नव्हतं. तुमच्याकडे आता घरातला प्रत्येक जण दिवसभर स्वतःचा चेहरा वर पाठवतोय.

आवाज रोबोटसारखा का होतो, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. कॉलमधला आवाज साधारण २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो. पलीकडचं ॲप थोडे तुकडे हाताशी ठेवून ते एका लयीत वाजवतं. एखादा तुकडा वेळेत आला नाही, तर तो नंतर पोचूनही उपयोग नसतो, फेकूनच द्यावा लागतो. मग ती फट भरायला ॲप आधीचाच आवाज ताणतं, आणि तोच तो धातूसारखा सूर. साधी स्पीड टेस्ट हे पकडू शकत नाही, कारण ती दहा-पंधरा सेकंदांत एकूण किती डेटा गेला एवढंच मोजते. मधे अर्धा सेकंद सगळं थांबलं होतं, हे सरासरीत दिसत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालतं. तो ४०० च्या पुढे जाऊ देऊ नये, असंही तीच शिफारस सांगते.

आता तपासणी. पिंग ही आज्ञा एखाद्या पत्त्यावरून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवते. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत तुमच्या राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नेटवर्कच्या माहितीत ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसतो तो). दुसरीत १.१.१.१ ला, म्हणजे बाहेर इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक सर्व्हरला. पत्त्यानंतर जागा सोडून वजा चिन्ह आणि टी हे अक्षर दिलं की पिंग थांबत नाही. मॅक आणि लिनक्सवर ते आपोआप चालूच राहतं. मीटिंग सुरू असताना दोन्ही खिडक्या बाजूला दिसतील अशा ठेवा आणि आवाज तुटेल त्या क्षणी आकडे बघा.

राउटरचाच आकडा उडत असेल, म्हणजे एरवी ३-४ मिलिसेकंद आणि मधेच १५० किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, तर दोष वायफायचा. राउटर शांत आहे पण बाहेरचा आकडा २० वरून ५००-६०० वर जातोय, तर रांग साचतेय. दोन्ही शांत असताना आवाज तुटला, तर लॅपटॉप, ऑफिसचं व्हीपीएन किंवा समोरच्याचं कनेक्शन यांपैकी काहीतरी आहे; राउटर बदलून फरक पडणार नाही.

रांगेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घरात चार माणसं ऑनलाइन असली की सर्वात जास्त छळणारा आणि सर्वात कमी ओळखला जाणारा दोष हाच. मॉडेम आणि राउटरमध्ये बाहेर जाणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, थांबवून ठेवायला मेमरी असते, बफर. समजा त्यात १ एमबी मावतो आणि तुमचं अपलोड १० एमबीपीएस आहे. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट, ते बाहेर पडायला ०.८ सेकंद लागणार. मुलाच्या फोनने गृहपाठाचा व्हिडिओ चढवायला घेतला की तो हा बफर काठोकाठ भरतो, आणि तुमच्या आवाजाचं प्रत्येक इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. पॅकेटं फारशी हरवत नाहीत, वेगही पूर्ण मिळतो, फक्त सगळं पाऊण सेकंद उशिरा पोचतं. याला बफरब्लोट म्हणतात. तुमच्याकडे हेच आहे का, याची खात्री करायची तर घरात कुणी काही करत नसताना पिंग लावा आणि एका फोनवरून मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. आकडा लगेच बोलेल. वेग आणि लोडखालचा उशीर एकत्र मोजणाऱ्या टेस्टही आहेत, तिथे ‘लोडेड लेटन्सी’ हा आकडा बघा.

यावर पक्का उपाय आहे आणि तो बरेचदा मोठ्या प्लॅनपेक्षा स्वस्तात पडतो: स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे एसक्यूएम. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. पॅकेटं रांगेत किती वेळ थांबली हे ती मोजते आणि रांग लांबायला लागली की लगेच पाठवणाऱ्याला आवरते. तिच्यावरून पुढे एफक्यू-कोडेल आणि केक या सुधारित पद्धती आल्या. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत राउटर-प्रणाली चालणाऱ्या राउटरवर आणि काही तयार राउटरमध्ये हे मिळतं. लॅपटॉप केबलने जोडून, घर शांत असताना दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा वेग मोजा. त्यातला सर्वात कमी अपलोड आणि सर्वात कमी डाउनलोड घ्या, दोन्हींच्या ९० टक्के आकडे एसक्यूएममध्ये भरा, प्रकार केक निवडा. पुन्हा अपलोड लावून पिंग बघा. अजून उडत असेल तर आकडा ५ टक्क्यांनी खाली आणा. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, कारण रांग मॉडेमऐवजी राउटरमध्ये तयार झाली तरच राउटर तिला आवरू शकतो.

इथे दोन गोष्टी चुकतात. राउटरमधलं ‘हार्डवेअर ऑफलोड’ चालू राहिलं तर पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जातात आणि सेटिंग असून नसल्यासारखं होतं. ते बंद करा. दुसरं, हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे जुना राउटर १०० एमबीपीएसच्या आधीच दमू शकतो. तसं झालं तर फक्त अपलोडला एसक्यूएम लावा, बराचसा फायदा तिथेच आहे.

राउटरमध्ये ही सोयच नसेल तर अपलोड करणाऱ्यांना वेसण घाला. फोनचा फोटो बॅकअप कामाच्या वेळेत थांबवा. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्समध्ये अपलोडची मर्यादा ठरवता येते, ती एकूण अपलोडच्या चौथाईवर ठेवा. विंडोजच्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये इंटरनेटवरच्या इतर संगणकांशी देवाणघेवाण चालू असेल तर बंद करा, ती विंडोजचे अपडेट तुमच्या लाइनवरून दुसऱ्यांना पुरवते.

वायफायकडे वळू. एका चॅनेलवर एका वेळी साधारणपणे एकच यंत्र बोलू शकतं, बाकीची थांबतात. त्यामुळे दूरच्या खोलीतला, सिग्नल क्षीण असलेला एक जुना फोन रेंगाळत बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. वर्गासाठी मुलांना घरातला सर्वात जुना फोन आणि सर्वात कोपऱ्यातली खोली मिळते, तिथेच हा घोळ सुरू होतो. फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं ॲप घेऊन प्रत्येकाच्या बसण्याच्या जागी सिग्नल मोजा, तो डीबीएम या एककात दिसतो. कॉलसाठी तो वजा ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून बरा हवा (वजा ५५ हा वजा ६७ पेक्षा चांगला). वजा ७५ असेल तर त्या जागी बसून कॉल करायचा आग्रह सोडा.

राउटरचे सहसा २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ असे दोन बँड असतात; लॅपटॉपला ५ गीगाहर्ट्झवर बसवा. दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर लॅपटॉप मनाला येईल तिकडे जातो, म्हणून नावं वेगळी करा. २.४ गीगाहर्ट्झ ठेवावंच लागलं तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ९ घेतलात तर शेजारचे दोन-दोन चॅनेल तुमच्यावर चढतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच बँडच्या मधोमध चालतो. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, आरशामागे किंवा फिशटँकशेजारी नको. धातू लहरी परतवतो आणि पाणी शोषतं. राउटर छातीच्या उंचीच्या वर, उघड्यावर ठेवा. आणि एक सहसा लक्षात न येणारी गोष्ट: यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा हब २.४ गीगाहर्ट्झमध्ये गोंगाट सोडतो. डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळत असेल तर कारण हेच. माउसचा डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलने लांब न्या.

माझा आग्रह मात्र केबलचाच आहे. ज्याची मीटिंग सर्वात महत्त्वाची त्याच्या टेबलापर्यंत कॅट-५ई प्रकारची नेटवर्क वायर ओढा. ती १०० मीटरपर्यंत एक गीगाबिट नेते. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबी-इथरनेट अडॅप्टर लावा. एक माणूस केबलवर गेला की वायफायवरच्या बाकीच्यांनाही मोकळीक मिळते. रिपीटरच्या मोहात पडू नका. एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुन्हा बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो आणि उशीर वाढवतो.

आवाज तुटत नाही पण खोल डब्यातून आल्यासारखा वाटतो, अशी तक्रार असेल तर नेटवर्क सोडा, ब्लूटूथ बघा. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की तो गाण्यांच्या प्रोफाइलवरून कॉलच्या प्रोफाइलवर जातो आणि आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर घसरतो. ॲपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा, माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा. साधा वायरचा इअरफोन घेतलात तर हा प्रश्नच उरत नाही, आणि एकाच खोलीत दोन कॉल चालू असताना प्रतिध्वनीही घुमत नाही.

चित्राचं सांगायचं तर प्रकाश पाठीमागून नको, समोरून हवा. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, त्यामुळे सेकंदाला ३० फ्रेमऐवजी १५ च येतात आणि चित्रात दाणे उठतात. ते दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलत असल्याने ॲपचे बिट त्यांच्यावरच खर्च होतात, चेहरा धूसरच राहतो. समोर एक दिवा लावलात की त्याच वेगात चित्र स्पष्ट होतं. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल बॅकग्राउंड बंद ठेवा. प्रोसेसर तापून मंदावला की पिंग स्वच्छ असूनही आवाज तुटतो.

ऑफिसचं व्हीपीएन लावल्यावरच त्रास होत असेल तर आयटी विभागाला दोन गोष्टी विचारा: व्हिडिओ कॉल व्हीपीएनबाहेर सोडता येईल का, आणि व्हीपीएन टीसीपीवर चालतं की यूडीपीवर (डेटा पाठवायच्या या दोन पद्धती). टीसीपीवर एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी अडकतात.

पर्याय म्हणून मोबाइल डेटा तयार ठेवा. फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग करा. वायफायचा एक टप्पा वाचतो आणि फोन चार्जही होत राहतो. १.२ एमबीपीएस जाताना आणि तेवढेच येताना धरले तर तासाला जवळपास १ जीबी लागतो. दोन्हीकडचे कॅमेरे बंद ठेवून नुसत्या आवाजावर बोललात तर ७०-७५ एमबीत काम होतं.

वीज जात असेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या, पण अडॅप्टरवरचे आकडे आधी वाचा. व्होल्टेज तंतोतंत जुळायलाच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, पिनची ध्रुवता तीच हवी. यूपीएसवर ८८०० एमएएच लिहिलं असेल तर तो आकडा सहसा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. राउटर ८ वॉट घेत असेल तर रूपांतरातली घट धरून साडेतीन तासांच्या आसपास मिळतील. फायबर असेल तर भिंतीवरच्या ओएनटीलाही (फायबर ज्यात येते त्या डब्याला) बॅकअप द्या. नुसता राउटर चालू राहिला तर वायफाय दिसतं, इंटरनेट नसतं.

हे सगळं करूनही केबलवरून, घर शांत असताना, १.१.१.१ चा पिंग तुटत असेल तर दोष बाहेरचा. कस्टमर केअरला ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगू नका, ते पुन्हा स्पीड टेस्टच करायला लावतील. केबलवरच्या पिंगची नोंद, तुटण्याच्या वेळा आणि ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर दिसणारी आरएक्स पॉवर (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) द्या. नेहमीच्या जीपॉन प्रकारच्या फायबर लाइनवर ती वजा ८ ते वजा २७ डीबीएममध्ये हवी; वजा २६ म्हणजे अगदी काठावर. तंत्रज्ञ येण्याआधी ओएनटीत शिरणारी पातळ फायबर बघून घ्या. टेबल सरकवताना ती कपाटामागे काटकोनात दुमडली गेली असेल, तर सुमारे ६ सेंटीमीटर व्यासाचा सैल वळसा देऊन ठेवा आणि पॉवरचा आकडा पुन्हा वाचा.