हेडरची ओळ तक्त्यावर का चढते?

प्रश्न : आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काची यादी मी एक्सेलमध्ये करतो. हेडरमध्ये संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता अशा तीन ओळी आहेत. छापताना त्यांतली शेवटची ओळ तक्त्यावर चढते. पानावर आणखी एक सदनिका मावावी म्हणून फूटरचे अंतर शून्य केले, तर पृष्ठक्रमांक अर्धाच उमटू लागला. काय चुकते आहे?
– एका संस्थेचे सचिव

उत्तर : वरचा समास सोडून त्याच्या खाली हेडरला वेगळी जागा मिळते, असा बहुतेकांचा समज असतो. एक्सेलमध्ये मात्र वरचा समास आणि हेडरचे अंतर ही दोन्ही कागदाच्या कडेपासूनच मोजली जातात आणि हेडरला वरच्या समासातच मावावे लागते. 'नॉर्मल' मांडणीत हा समास 0.75 इंच आणि हेडरचे अंतर 0.3 इंच असते, म्हणजे मजकुराला जेमतेम 0.45 इंच उरतो. 11 पॉइंटच्या अक्षरांची एक ओळ साधारण 15 पॉइंट उंची घेते. तीन ओळींचे 45 पॉइंट झाले आणि 72 पॉइंटांचा एक इंच या हिशेबाने ते 0.6 इंचाच्या वर जातात. वेलांट्या-उकारांमुळे देवनागरीला बहुधा याहूनही जास्त जागा लागते. म्हणून 'पेज लेआउट'मधील 'मार्जिन्स'च्या यादीत तळाशी असलेल्या 'कस्टम मार्जिन्स'मध्ये जाऊन 'टॉप'ची किंमत 1.2 इंच करावी आणि हेडरचे 0.3 तसेच ठेवावे.

फूटर शून्य करून तुमच्या पदरात काहीच पडले नाही, कारण तक्ता कुठे संपावा हे खालचा समास ठरवतो, फूटर नव्हे. शिवाय बहुतेक प्रिंटर कागदाच्या कडेचे काही मिलिमीटर छापूच शकत नाहीत. तुमचा अर्धा पृष्ठक्रमांक त्या पट्ट्यातच गेला. फूटर पुन्हा 0.3 वर आणावा.

लिबरऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांसाठी एक इशारा : तिथे हेडर समासाच्या आत नसून त्याच्या खाली बसते, त्यामुळे वरील आकडे तसेच उचलू नयेत.

खरे तर पूर्ण पत्ता प्रत्येक पानावर हवाच कशाला? तो शीटच्या पहिल्या ओळींत लिहावा, 'प्रिंट टायटल्स'मधून फक्त स्तंभांची शीर्षके दर पानावर घ्यावीत आणि हेडरमध्ये संस्थेचे नाव तेवढे ठेवावे. मग वरचा समास 0.75 इंचच पुरेल आणि ती राहिलेली सदनिकाही बहुधा पानावर मावेल.