एचपीएलसी मशीनची ड्यू डेट पाठ, आणि स्वतःची?

प्रश्न : ताई, मी गोव्यातल्या डिचोलीची, वय २९, केमिस्ट्रीत एमएस्सी. वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधं तपासणाऱ्या लॅबला, सात वर्षं झाली, पहिलं वर्ष काँट्रॅक्टरच्या रोलवर आणि मग पर्मनंट. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे सव्वापाचला कंपनीची बस. दर अप्रेजलला मॅनेजर म्हणतात "पुढच्या वेळी बघूया, तुझं नाव डोक्यात आहे", आणि माझ्यानंतर आलेले दोघे सिनियर होऊन बसले. आई म्हणते सरकारी जाहिरात आली की फॉर्म भर, बाकी डोकं लावू नको. बाबांचा खाणीवर ट्रक होता, ते म्हणतात नोकरी आहे ना, मग गप कर. मी काय करू? मॅनेजरनी काहीतरी ठरवलंच असेल ना माझ्यासाठी?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं गं. नाही, काही ठरवलेलं नसणार. माणूस वाईट असेल असंही नाही, त्याच्या डोक्यात पंधरा जणांची नावं, ऑडिटच्या तारखा आणि स्वतःचं प्रमोशन, त्यात तुझं नाव कुठंतरी खाली दबलेलं असेल. मी स्वतः एका ऑफिसात अकरा वर्षं अशीच काढली, साहेबांना सगळं माहीत आहे म्हणून. मग साहेबांची हैदराबादला बदली झाली, नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय बघता?" आणि मला पाच वाक्यं धड सांगता येईनात. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

आता तुझ्याच लॅबमधलं सांगते. एचपीएलसीवर, म्हणजे औषधात काय किती आहे ते मोजणाऱ्या मशीनवर, कॅलिब्रेशनचं (मोजमाप बरोबर येतंय का ते तपासल्याचं) स्टिकर असतं ना, झालं कधी, पुढचं कधी? त्यातल्या कॉलमचं, म्हणजे नळीचं, वेगळं रजिस्टर, किती इंजेक्शनं मारली ते सुद्धा लिहिलेलं. ड्यू डेट उलटली तर त्या मशीनवर तू सॅम्पल लावशील का? आणि फार्मातले लोक जे उठताबसता म्हणतात, लिहिलं नाही म्हणजे झालंच नाही, ते तू सात वर्षं मशीनसाठी पाळतेयस. स्वतःसाठी एक वही काढ. किती मेथड व्हॅलिडेशनं (तपासणीची पद्धत बरोबर आहे हे सिद्ध करणं) केलीस, किती ओओएस (मर्यादेबाहेर आलेले निकाल) तपासलेस आणि कारण काय निघालं, ऑडिटरसमोर कोण बसलं होतं, नव्या पोरांना कोणी शिकवलं. आठवेल तेवढं आत्ता लिही आणि पुढे दर महिन्याला पगाराच्या दिवशी दहा मिनिटं. ही वही घेऊन मॅनेजरकडे जा, अप्रेजलच्या दोन महिने आधी, फॉर्म भरून झाल्यावर जाऊन काही उपयोग नसतो. "माझं काय" असं विचारू नको, "सिनियर व्हायला माझ्यात काय कमी आहे ते सांगा" असं विचार आणि ते काय बोलले ते त्याच दिवशी त्यांना मेल कर. परत "बघूया" आलं तर ते पण उत्तरच.

बाबांवर मात्र रागावू नको. २०१२ ला खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, मार्चच्या मध्यापासून सगळंच ठप्प. हप्ते वेळेवर भरणाऱ्या माणसाचा पण ट्रक दारात उभा राहिला. अशा माणसाला महिन्याचा पगार सोन्यासारखा वाटणारच. मला त्यातून उलटंच दिसतं, सगळा धंदा एकाच गिऱ्हाइकावर होता. तुझं कसब पण एकाच कंपनीला माहीत आहे. दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू देऊन बघ, जायचं नसलं तरी, बाजारात तुझा भाव काय ते तरी कळेल. क्यूसीतून क्यूए (गुणवत्तेची व्यवस्था बघणारा विभाग) किंवा रेग्युलेटरी अफेअर्सला (सरकारी मंजुऱ्यांचं काम) जाता येतं, त्यासाठी लगेच महागडा कोर्स नको. आयसीएच या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गाइडलाइन्स फुकट डाऊनलोड होतात, क्यू१ स्टॅबिलिटीची (औषध किती टिकतं) आणि क्यू२ व्हॅलिडेशनची, तू रोज करतेस त्याचंच 'का' त्यात आहे.

आईचं पण अर्धं बरोबर आहे. गोवा स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जाहिराती बघत राहा, बांबोळीच्या एफडीएत (अन्न व औषध प्रशासनात) कधी जागा निघाली तर तुझा अनुभव तिथे नक्की लागेल. १५ वर्षांचा रहिवासी दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आत्ताच तयार ठेव. पण आपल्याकडे बऱ्याच पदांना वयाची अट ४५ पर्यंत असते आणि माझ्या मते हीच गोम आहे, अजून सोळा वर्षं आहेत म्हणत माणूस दुसरं काहीच करत नाही. फॉर्म भर, अभ्यास कर, वाट बघत बसू नको.

आणि जे कोणी विचारलं नाही ते, पीएफ. काँट्रॅक्टरने एक यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढला आणि कंपनीने दुसरा, असं खूप जणांचं झालंय. आजच पासबुक उघडून बघ पहिलं वर्ष त्यात दिसतंय का, नसेल तर ते ट्रान्सफर करून घे, काढून घेऊ नको, कारण पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते आणि पैसे काढले की ती वर्षं गेली. पर्मनंट म्हणून सहा वर्षं झाली म्हणजे उद्या सोडलंस तरी ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची, शेवटचा बेसिक आणि डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६. कागदावर मांडून बघ, राजीनाम्याची भीती जरा कमी होते.

चवथीला सगळे घरी असतील तेव्हा बाबांना वही दाखव. आणि पासबुकात ते पहिलं वर्ष सापडलं का, तेवढं मला नक्की कळव.