48 व्होल्टच्या इलेक्ट्रिक स्कूटरला 72 व्होल्टची मोटर आणि कंट्रोलर बसवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी 250 वॅटची, चार लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या, 48 व्होल्ट. मागे बायको बसली की कोथरूडहून बावधनला जाताना चांदणी चौकाच्या चढावर गाडी 10-12 च्या वर जात नाही. गॅरेजवाला म्हणतो 72 व्होल्टची मोटर आणि कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती करंट जायचा ते ठरवणारा डबा) टाका, बाकी गाडी आहे तशीच राहील.

बसवता येईल. मी माझी गाडी 2021 मध्ये 60 व्होल्टवर नेली होती, वर्षभर चालवली आणि पुन्हा 48 वर आणली. म्हणून सांगतो, "बाकी गाडी आहे तशीच राहील" हे वाक्य विसरा. आणि तुमची तक्रार चढाची आहे, वेगाची नाही. या दोन्हीची औषधं वेगळी आहेत.

हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर, फिरायला लागली की ती स्वतःच उलट्या दिशेने व्होल्टेज तयार करते. जितकी जोरात फिरेल तितकं जास्त. ते बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ पोचलं की मोटर आणखी करंट घेऊ शकत नाही आणि वेग तिथेच अडकतो. म्हणून 48 चे 60 केले की सपाटीवरचा वेग साधारण सव्वापट होतो, 72 केले की दीडपट. चढावर मात्र तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही नसता. तिथे हवा असतो जोर, आणि जोर येतो मोटरच्या तारांतून वाहणाऱ्या अँपिअरमधून. 72 चं किट बसवलेले लोक "चढावर उडते" म्हणतात ते खोटं नाही, पण ती करामत बरीचशी किटमधल्या 30-40 अँपच्या कंट्रोलरची आणि जाड तारेच्या मोटरची असते. श्रेय मात्र 72 या आकड्याला मिळतं.

पटत नसेल तर एथर 450 एक्स ही इलेक्ट्रिक स्कूटर बघा. तिची बॅटरी जेमतेम 51 व्होल्टची आहे, म्हणजे तुमच्याच जातीची, आणि गाडी 90 च्या वेगाने जाते. तिथे अँपिअर शंभराच्या वर खेचले जातात आणि मोटर पट्ट्यावरून चाक फिरवते.

आता तुमच्या चढाचा हिशोब. गाडी आणि दोन माणसं मिळून 210 किलो धरू, आणि शंभर मीटरला सहा मीटर चढ. चढ आणि टायरचं घर्षण मिळून सुमारे 155 न्यूटन जोर लागतो. 25 च्या वेगाने चढायचं तर चाकावर हजारभर वॅट हवेत. तुमचा कंट्रोलर बहुतेक 15 अँपचा असेल (आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं). 48 गुणिले 15 म्हणजे 720 वॅट बॅटरीतून निघणार, मोटर चढावर त्यातले पाचशेच्या आसपास चाकाला देणार, बाकीची उष्णता. पाचशे वॅटला वेग येतो साडेअकरा. म्हणजे तुमची गाडी बिघडलेली नाही, ती अगदी गणितानुसार चालते आहे!

माझी चूक वेगळीच होती. मला वाटलं, आणखी एक बॅटरी जोडायची, पाच गुणिले बारा साठ, झालं. कंट्रोलरवर कुठेही "60 चालणार नाही" असं लिहिलेलं नव्हतं. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून बारा व्होल्टची बॅटरी आणली, पायाशी ठेवली, रात्री पाचही चार्ज केल्या आणि सकाळी चावी फिरवली. पहिले दोन किलोमीटर मी स्वर्गात होतो. वारजे पुलाजवळ ब्रेक दाबला आणि सीटखालून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. कंट्रोलर उघडून बघितला तर आतल्या कॅपॅसिटरचं (वीज क्षणभर साठवणारा नळकांड्यासारखा भाग) टोपण फुगून फाटलेलं, त्यावर छापलेलं स्पष्ट दिसत होतं: 63 व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेल्या पाच बॅटऱ्या नुसत्या उभ्या असतानाही 65 च्या आसपास असतात. वर त्या कंट्रोलरला ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीकडे परत पाठवायची सोय होती, म्हणजे त्या क्षणी व्होल्टेज आणखी चढलं. तेव्हापासून कुठलाही कंट्रोलर विकत घेताना मी आधी झाकण उघडून कॅपॅसिटरवरचा आकडा वाचतो. दुकानदार वैतागतात, वैतागू देत. 60 व्होल्टच्या गाडीला 80 चा, 72 च्या गाडीला 100 चा कॅपॅसिटर हवा.

बरं, नवा कंट्रोलर आणलात. मग कन्व्हर्टर येतो. हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर बारा व्होल्टवर चालतात आणि मोठ्या बॅटरीतून ते बारा काढणारा छोटा डबा 48 साठीच असेल तर तो जातो, तोही बहुतेक रात्री. मीटर बदला, नाहीतर बॅटरी संपत आली तरी काटा फुल दाखवत राहील. चार्जर बदला. फ्यूजकडे कोणी बघतच नाही: मोटारीत वापरतात ते रंगीत पात्याचे साधे फ्यूज 32 व्होल्टसाठी असतात. 72 वर ते वितळतील, पण मधली ठिणगी विझेलच असं नाही. घरातला एसी करंटचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) तर अजिबात लावू नका, डीसी करंटचाच मागून घ्या.

60 च्या वर गेलात की आणखी एक फरक पडतो. वाहनांच्या सुरक्षा मानकांत 60 व्होल्ट डीसीच्या वरचं सगळं "हाय व्होल्टेज" धरलं जातं. तुमचा 72 चा लिथियम पॅक पूर्ण भरल्यावर 84 ते 88 असेल. पावसाळ्यात, ओल्या हाताने, सीटखाली. 48 वर जी बेफिकिरी चालून जाते ती इथे चालत नाही.

मोटर बदलायची तर लोखंडाचं काम निघतं. हब मोटरचा आस दोन बाजूंनी चपटा असतो आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचेत तेवढ्याच आधारावर अडकलेला असतो. हजार-दीड हजार वॅटची मोटर झटका देते तेव्हा आस खाच रुंद करत स्वतःच फिरतो आणि तारा पिळून तोडतो. टॉर्क आर्म नावाची जाड पट्टी लावून घ्या, दोन्ही बाजूंना. पुढे ड्रम ब्रेक असेल तर तो 25 च्या वेगासाठी दिलेला आहे, हे चांदणी चौकातून खाली उतरताना आठवेल.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: 48 च्या लिथियम पॅकला सिरीजमध्ये एक लेड अ‍ॅसिड बॅटरी जोडून 60 करणं. हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. पॅकमधला बीएमएस (बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट) जेव्हा सप्लाय तोडतो तेव्हा त्याच्या मॉसफेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर, पूर्ण 60 चा ताण येतो. त्यासाठी ते बनवलेले नसतात, आणि मॉसफेट जळताना बऱ्याचदा शॉर्ट होऊनच जळतात. म्हणजे पहारेकरी मेला आणि दार उघडं.

आता कायदा, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी हा मुद्दा सगळ्यात महाग पडू शकतो. तुमच्या गाडीला नंबरप्लेट नाही, लायसन्स लागत नाही, ते का? मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग 25 च्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल तर नियमांनुसार ते "मोटार वाहन" धरलं जात नाही. मोठी मोटर बसवलीत की ती सवलत गेली. तुमच्या हातात राहते नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटारसायकल. बेकायदा बदल केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मध्ये प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 2022 मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. दंड भरता येतो हो. पण कोणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून जाणार. मी माझी गाडी 48 वर आणली ती याच कारणाने: सोसायटीच्या गेटशी एक आजोबा थोडक्यात वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग चढाचं काय? आधी पैसे न लागणारी कामं करा. टायरमध्ये हवा पूर्ण भरा, मागचं चाक उचलून हाताने फिरवा आणि ब्रेकचं लायनर घासत नाही ना बघा. मग बॅटरी. लेड अ‍ॅसिडवर 20 अँप-अवर लिहिलेलं असतं ते दोन तासांत रिकामी करण्याच्या हिशोबाने, म्हणजे 10 अँपवर. चढावर तुम्ही 15 खेचता, तेव्हा ती तितकं देत नाही आणि जुनी झाली असेल तर व्होल्टेज धाडकन खाली येतं. व्होल्टेज पडलं की वॅट पडले. कंपनीकडे याच मॉडेलचा लिथियम पॅक मिळत असेल तर त्यावर खर्च करा, चार्जरसकट. गाडीचं 15-20 किलो वजनही कमी होईल. एवढं करूनही दोघांना रोज तो चढ चढायचा असेल तर खर्च नंबरप्लेटवाल्या गाडीवर करा, सेकंडहँड का होईना. मोटर, कंट्रोलर, बॅटरी, चार्जर आणि मजुरी यांची बेरीज एकदा कागदावर मांडून बघा, फारसा फरक उरत नाही.

त्याआधी एक चाचणी घ्या. बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा, तारा नीट टेपने बांधा, आणि बायकोला मागे बसवून तो चढ चढा. आकडा तिला वाचू द्या. 46 च्या वर राहिला तर बॅटरी ठीक आहे, कंट्रोलरची मर्यादा आड येते आहे. 44 च्या खाली गेला तर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, चारपैकी एखादी मेलेली सापडेल. 42 च्या आसपास कंट्रोलर स्वतःच सप्लाय तोडतो, तेव्हा मागून एखादी पीएमटीची बस येत नाही ना एवढं बघून घ्या. आकडे आले की इथे लिहा, मग पुढचं बोलू.