रामकुंडावर प्रथमच जाताना

आपण प्रथमच नाशिकला येत आहात, तेव्हा मोजकेच सांगतो. गोदावरीतील रामकुंड या स्नानाच्या पवित्र कुंडावर उजाडताच पोहोचावे, मौल्यवान वस्तू मुक्कामीच ठेवाव्यात आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय जपून टाकावा. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे विधीची दक्षिणा आधी न ठरवणे. नुसत्या स्नानाला तर पुरोहिताची गरजही नसते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल, तर पाण्यात उतरूच नये. पूर किती चढला, हे नाशिककर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरूनच ओळखतात. येथे अस्थिविसर्जनही चालते, म्हणून छायाचित्रे काढताना भान ठेवावे. स्नानानंतर नंदी नसलेले कपालेश्वर हे शिवमंदिर आणि पायी जाण्याजोगे काळाराम मंदिर, एवढेच पहिल्या दिवशी पुरे. त्र्यंबकेश्वर दुसऱ्या दिवसासाठी राखावे.