‘ऑरिझन’ म्हणजे क्षितिज नव्हे

प्रश्न : माझी नात सोलापुरातच इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करते. ‘हॅम्लेट’ वाचताना तिला ‘ऑरिझन्स’ हा शब्द अडला. मला तो ‘होरायझन’चा, म्हणजे क्षितिजाचा, जुना अवतार वाटला, तिच्या पुस्तकातल्या टिपेत मात्र ‘प्रार्थना’ एवढेच आहे. हा शब्द आला कुठून, आणि ‘प्रेयर’शी त्याचे काही नाते आहे काय?
— एक आजोबा, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : टीप बरोबर आहे, ‘ऑरिझन’ म्हणजे प्रार्थनाच. तरीही आपली गफलत समजण्यासारखी आहे, कारण १६२३ मध्ये निघालेल्या शेक्सपिअरच्या नाट्यसंग्रहात हा शब्द ‘एस’ऐवजी ‘झेड’ने छापलेला आहे आणि तो तसा पाहिला की क्षितिजच आठवते. ‘होरायझन’ मूळचा ग्रीक असून सीमा आखण्याच्या अर्थाचा आहे. ‘ऑरिझन’चे कूळ लॅटिन. उच्चारताना आघात पहिल्या अक्षरावर द्यावा, म्हणजे दोन्ही शब्द कानालाही वेगळे लागतील.

लॅटिनमध्ये ‘ओरारे’ म्हणजे बोलणे, बाजू मांडणे आणि विनवणेही. त्यापासून झालेले ‘ओरातिओ’ हे नाम रोमन वक्ता सिसेरो याच्या काळी भाषणाला लावत. ख्रिस्ती धर्म पसरला तसे तेच नाम देवापुढे केलेल्या बोलण्याला लागले, जुन्या फ्रेंचमध्ये झिजून लहान झाले आणि १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत शिरला, त्यातून ‘ऑरिझन’ होऊन आले. पुढे पंडितांनी तोच लॅटिन शब्द ग्रंथांतून पुन्हा उचलला आणि त्याचे ‘ओरेशन’ केले. अशा रीतीने वक्त्याचे भाषण आणि भक्ताची प्रार्थना ही इंग्रजीत सख्खी भावंडे ठरली.

बोलण्याचीच प्रार्थना व्हावी, याचे सोलापूरकरांना नवल वाटू नये. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी कन्नडमध्ये जे लिहिले, त्याला आपण ‘वचने’ म्हणतो. वचन म्हणजे नुसते ‘बोललेले’. पण त्यात ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुना’ ही हाक आली की ते बोलणे देवापुढे जाऊन उभे राहते. हा शब्द समजावताना मला रोमपेक्षा हेच उदाहरण जवळचे वाटते.

‘प्रेयर’ही फ्रेंचमार्गेच आला, पण त्याचे मूळ ‘प्रेकारी’, म्हणजे याचना करणे, हे निराळे लॅटिन क्रियापद आहे. त्यामुळे ‘ऑरिझन’शी त्याचे नाते अर्थापुरतेच. इथे आणखी एक समज दूर करायला हवा. ‘प्रेयर’ आणि ‘प्रार्थना’ यांचा आवाज जुळतो म्हणून ते एकाच मुळाचे असावेत, असे पुष्कळांना वाटते, परंतु तसे नाही. ‘प्रार्थना’ हा शब्द ‘प्र’ आणि ‘अर्थ्’, म्हणजे मागणे, यांपासून बनला आहे. ‘प्रेयर’चा खरा आप्त आहे संस्कृतातला ‘प्रच्छ्’ हा धातू, म्हणजे आपला ‘प्रश्न’ आणि आपले ‘पुसणे’.

इंग्रजीचा अस्सल जुना शब्द या दोहोंच्या आधीचा होता. तो ‘बेड’ असा उच्चारत. माळेवर प्रार्थना मोजता मोजता त्याचा अर्थ प्रार्थनेवरून मण्यावर सरकला आणि त्याचा ‘बीड’ झाला. गड्ड्याच्या यात्रेत रुद्राक्षाची माळ घेताना एकेक मणी बोटांखालून सरकवून पाहतात, तसा एकेक मणी सरकवीत तिकडे एकेक प्रार्थना पुरी होत असे.

आता नातीच्या ओळीकडे वळतो. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात बाप पोलोनियसने हाती दिलेले पुस्तक घेऊन हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया वाचीत असते. जगावे की मरावे, हे स्वगत संपता संपता हॅम्लेटची दृष्टी तिच्यावर जाते आणि तुझ्या ‘ऑरिझन्स’मध्ये माझ्या साऱ्या पापांचे स्मरण असू दे, असे तो म्हणतो. भाषांतरात ‘प्रार्थना’ लिहिले तर चूक नाही. मला स्वतःला मात्र ‘करुणा भाकणे’ हा जुना वाक्प्रचार अधिक जवळचा वाटतो, कारण दिलेल्या शब्दालाही आपण ‘भाक’ म्हणतो आणि देवाची करुणाही भाकतो. ‘देवाची करुणा भाकशील, तेव्हा माझी सारी पापे आठव’ असे तिने लिहून पाहावे.